खड्यासारखं बाजूला

सकाळी नऊच्या फास्ट लोकलच्या लेडीज डब्यात, सॅकमधल्या टिफिनच्या रिकाम्या डब्यात, टिश्यू पेपरमध्ये गुंडाळून दोन अंगठ्या नेल्यायत कधी? मी नेल्यायत. ठाणे ते सीएसएमटी. घाटकोपरला कुणाचा तरी धक्का लागला आणि डब्यात खुळखुळ वाजलं, तेव्हा शेजारची म्हणाली, ‘काय गं, चणे-फुटाणे का?’ मी म्हटलं, ‘हो.’

खरं तर त्या डब्यात आमच्या घरातलं वीस वर्षांचं भांडण होतं.

पंधरा दिवसांपूर्वी डोंबिवलीहून मावशीचा फोन आला. ‘तू पत्रकार ना? मग तुझ्या ओळखी असतीलच.’ आमच्या नातेवाइकांचा हा लाडका समज. फ्रीलान्सर म्हणजे जिला स्वतःचा चेक वेळेवर मिळत नाही अशी मुलगी, हे त्यांना कोण सांगणार! असो. मावशीला आजीची माणकाची अंगठी विकायची होती. माझा मावसभाऊ मास्टर्सला जर्मनीला निघालाय. तिथे जायचं तर वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये टाकून दाखवावे लागतात. काकांचं पेन्शन किती, ते मला माहीत होतं. ‘माणिक आहे गं, बर्माचं. त्यात सगळं निघेल,’ मावशी म्हणाली. ‘फक्त चांगल्या ठिकाणी दाखवून घे. सर्टिफिकेट असलं की भाव मिळतो म्हणे.’

हे मी आईला सांगितलं. ती कोथरूडच्या घरात पोळ्या लाटत होती आणि फोन स्पीकरवर होता. लाटण्याचा आवाज थांबला. मग म्हणाली, ‘माझीही घेऊन जा. एकदाचं कळू दे.’

आता थोडा फ्लॅशबॅक.

आजीचे वडील, म्हणजे माझे पणजोबा, रंगूनला एका लाकडाच्या कंपनीत हिशेबनीस होते. 1942मध्ये जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या तेव्हा हजारो भारतीय मिळेल त्या वाटेने परत आले, त्यांत तेही होते. येताना जवळ काय होतं, तर अंगावरचे कपडे, एक पितळी तांब्या आणि कमरेच्या कशात शिवलेले दोन लाल खडे. मोठा, स्वच्छ, डाळिंबाच्या दाण्यासारखा तो माणिक. त्यासाठी त्यांनी म्हणे कितीतरी महिन्यांचा पगार मोजला होता. दुसरा त्याहून जरासा लहान. विकणाऱ्याने तो ‘लालडी आहे, घेऊन जा’ म्हणत जवळपास वरच टाकला होता. आपण कोथिंबीर मागून घेतो ना, तसा.

आजीच्या लग्नात दोन्हींच्या अंगठ्या झाल्या. माणिक डबीत गेला आणि सणावारी बाहेर यायला लागला. लालडी आजीच्या बोटात राहिली. त्याच हाताने तिने राखेने भांडी घासली, पाटा-वरवंटा केला, विहिरीवरून पाणी काढलं. 2004मध्ये आजीने वाटण्या केल्या तेव्हा मी दुसरीत होते. माणिक थोरलीला, लालडी धाकटीला. आजीने तो हिशेब कसा केला ते तिने कधी सांगितलं नाही, आणि आईनेही विचारलं नाही. पण तेव्हापासून दिवाळीला मावशी ती अंगठी घालून आली की आई स्वयंपाकघरात जाऊन काहीतरी शोधायला लागायची. एकदाच, मी कॉलेजात असताना, तिच्या तोंडून निघून गेलं : ‘मला खड्यासारखं बाजूला काढलं गं आईने.’

तर असे हे दोन खडे.

झवेरी बाजारातल्या एका कारागिराने आधी ते अंगठ्यांतून उतरवून दिले. एका हाताने चहा पीत, अर्ध्या मिनिटात! माझा जीव अर्धा झाला. मग कागदाच्या दोन पुड्या घेऊन मी मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावरच्या लॅबमध्ये गेले. तिथल्या मॅडमना फोनवर सांगून ठेवलं होतं की मला यावर लेखही लिहायचाय, तेव्हा प्लीज समोर बसू द्या. चष्मा कपाळावर, बोलणं मोजून-मापून. त्यांनी दोन्ही खडे पांढऱ्या कागदावर ठेवले आणि मला विचारलं, ‘सांगा, कुठला कुठला?’

मी बघितलं. लाल. आणि लाल.

मोठा जास्त झळझळीत, त्याच्या कडा नव्या ब्लेडसारख्या. आईचा किंचित दमलेला. पण रंग? तुम्ही लिपस्टिकच्या काउंटरवर तासभर काढलेला असला तरी सांगता आलं नसतं. ‘नाहीच येत,’ मॅडम म्हणाल्या. ‘दोन्हींचा लाल रंग एकाच गोष्टीमुळे आहे. क्रोमियम.’ माणिक म्हणजे अॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन. लालडी, जिला इंग्रजीत स्पिनेल म्हणतात, तिच्यात या दोघांच्या जोडीला मॅग्नेशियम. दोन्ही मुळात रंगहीन. त्यांत कणभर क्रोमियम शिरलं की लाल! वर ब्रह्मदेशातल्या मोगोकच्या खाणींत दोन्ही एकाच वाळूत, शेजारी-शेजारी सापडतात. म्हणजे सख्ख्या बहिणीच म्हणा ना. (हे मी मनात म्हटलं. मॅडमना असले विनोद चालतील असं वाटलं नाही.)

या बहिणींनी भल्याभल्यांना फसवलंय. ब्रिटनच्या राजमुकुटात समोरच जो मोठा लाल खडा आहे, त्याला कित्येक शतकं ‘ब्लॅक प्रिन्सचा माणिक’ म्हणतात. 1367मध्ये तो इंग्लंडच्या राजपुत्राला स्पेनमधल्या एका राजाकडून मिळाला होता. 2023च्या मे महिन्यात राज्याभिषेकानंतर राजे चार्ल्स तो मुकुट घालून बाहेर पडले, तेव्हा तुम्ही-आम्ही सगळ्यांनी टीव्हीवर तो खडा पाहिला. तो माणिक नाहीच. स्पिनेल आहे! 352 कॅरटचा ‘तैमूरचा माणिक’, ज्याच्यावर मोगल बादशहांची नावं कोरलीयत आणि जो 1851मध्ये इथून व्हिक्टोरिया राणीकडे गेला, तोही स्पिनेल. युरोपात 1783मध्ये एका फ्रेंच खनिजतज्ज्ञाने ही दोन वेगळी खनिजं आहेत हे मांडलं. आणि गंमत म्हणजे मोगलांच्या दरबारात हा फरक आधीच माहीत होता. माणिक तो ‘याकूत’ आणि हा ‘लाल’. शिवाय लाल काही कमी प्रतीचा मानत नसत. लालडी म्हणजे दुय्यम, हा फंडा नंतरचा.

हे ऐकल्यावर मला पहिला फोन आईला करावासा वाटला. पण मॅडमनी पहिलं यंत्र पुढे ओढलं होतं.

ते दिसायला अगदीच साधं, चपातीच्या डब्याएवढं. काचेवर एक थेंब तेलकट द्रव, त्यावर खडा पालथा, आणि डोळा लावला की आत एक पट्टी. आकडे लिहिलेली. त्यावर सावलीची रेघ जिथे पडते तो आकडा वाचायचा. खड्यात शिरल्यावर प्रकाश किती मंदावतो आणि किती वाकतो, त्याचं हे माप. आईच्या खड्याची रेघ पडली 1.718वर. एकच. मॅडमनी खडा फिरवला, तरी ती तिथेच. मग मावशीचा ठेवला. 1.762 आणि 1.770. दोन रेघा! खडा फिरवला की त्यातली एक किंचित सरकायची.

‘हा प्रकाशाचे दोन भाग करतो,’ मॅडम म्हणाल्या. माणकाच्या स्फटिकात सगळ्या दिशा सारख्या नसतात. आत शिरलेला किरण फुटतो आणि दोन वेगळ्या वेगांनी जातो. स्पिनेलचा स्फटिक मात्र घनाच्या जातीचा, कुठूनही जा, रस्ता सारखाच. दोन पोलराइझिंग काचांच्या मध्ये धरून फिरवलं तेव्हा हे आणखी छान दिसलं. मावशीचा खडा उजळायचा, काळवंडायचा, परत उजळायचा. एका पूर्ण फेरीत चारदा. आईचा काळा तो काळाच, कितीही फिरवा. मग एका छोट्या नळीतून पाहिलं तर मावशीच्या खड्यात एकाच वेळी दोन लाल दिसले. एक जांभळटाकडे झुकलेला, एक नारिंगीकडे. आईच्या खड्यात एकच लाल. एकदम सरळ बाई.

वजनाची टेस्ट मला सगळ्यात आवडली, कारण ती शाळेतली होती. आठवतो का आर्किमिडीज? बाथटब, युरेका वगैरे? खडा आधी हवेत तोलायचा, मग तारेच्या पाळण्यात ठेवून पाण्यात बुडवून तोलायचा. पाण्यात वजन जितकं घटलं, तितक्याने मूळ वजनाला भागायचं. आईचा 1.94 कॅरट. पाण्यात घटला 0.54. कॅल्सी काढा : 3.59. मावशीचा 2.12, घटला 0.53. बरोब्बर 4. म्हणजे दोन्ही एकाच मापाचे कापले तरी माणिक जड भरणार. पाच कॅरट म्हणजे एक ग्रॅम, तेव्हा हा सगळा खेळ अर्ध्या ग्रॅमच्या आत चाललेला. पंख्याचं बटणही बंद करावं लागतं.

आणि कठीणपणा? ती टेस्ट कुणीच करत नाही, कारण त्यासाठी खड्यावर ओरखडा काढावा लागतो. पण आकडे ठरलेले आहेत. मोह्स नावाच्या जर्मन माणसाच्या दहाच्या पट्टीवर हिरा 10, माणिक 9, स्पिनेल 8. या पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात बरं का. नऊ आणि दहामधली पायरी तर प्रचंड. आपल्या घरातल्या धुळीत जे वाळूचे कण असतात ते 7. त्यामुळे काचेचे खडे वर्ष-दोन वर्षांत आंधळे होतात, पण हे दोघे टिकतात. ‘तरी हा बराच वापरलेला दिसतो,’ मॅडम आईच्या खड्याकडे बघत म्हणाल्या. ‘कडा झिजल्यायत.’ मला आजीचा हात आठवला. राखेतला.

शेवटी अल्ट्राव्हायोलेट दिवा. खोलीत अंधार केला. दोन्ही खडे लाल पेटले, पण मावशीचा काय पेटला! सिगरेटच्या टोकावर जोरात ओढल्यावर दिसतो तसा निखारा. मी चक्क टाळी वाजवली. मॅडम काहीच बोलल्या नाहीत.

मी विचारलं, ‘म्हणजे हा माणिकच ना?’

‘माणिक आहे,’ त्या म्हणाल्या आणि कागदावर आकडे लिहायला लागल्या.

आता माझा गाढवपणा ऐका. मी तिथल्या तिथे मोबाइल काढला आणि मावशीला मेसेज टाकला : ‘माणिकच आहे!!! सगळ्या टेस्ट पास!!!’ तीन-तीन उद्गारचिन्हं. दहा सेकंदांत तिचा रिप्लाय. हात जोडलेले चार इमोजी आणि ‘गणपती पावला गं बाई. ह्यांना सांगते.’

मी फोन आत टाकला तेव्हा मॅडम मायक्रोस्कोपवर वाकल्या होत्या. बराच वेळ वाकलेल्याच होत्या. मग खुर्ची मागे घेऊन मला म्हणाल्या, ‘बघा.’

आत लाल आकाश होतं आणि त्यात बारीक रेघा. सरळ नव्हे, वाकलेल्या. एकामागे एक, एकाच दिशेने वळणाऱ्या, जुन्या तबकडीवर असतात ना तशा. आणि एका कोपऱ्यात दोन-तीन गोल बुडबुडे. सोड्यातल्यासारखे.

‘जमिनीतल्या माणकात वाढीच्या रेघा असल्या तर सरळ असतात, कोन करून वळतात. अशा गोल वळत नाहीत. आणि त्यात हवेचे बुडबुडे नसतात,’ मॅडम म्हणाल्या. ‘हा भट्टीतला आहे.’

ऑग्यूस्त व्हर्नॉय. हे नाव मी आयुष्यात विसरणार नाही. या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1902मध्ये जाहीर केलं की त्याला माणिक बनवता येतो. अॅल्युमिनाची बारीक पूड, त्यात चिमूटभर क्रोमियम ऑक्साइड. ती हायड्रोजन-ऑक्सिजनच्या ज्योतीतून खाली सांडत राहायची. दोन हजार अंशांच्या वर तापलेले थेंब खाली एका दांडीवर पडतात, थरावर थर गोठतात आणि काही तासांत बाटलीच्या आकाराचा माणिक तयार. त्या गोल रेघा म्हणजे गोठत गेलेले थर. पहिल्या महायुद्धाच्याही आधीपासून हे खडे जगभरच्या बाजारांत ढिगाने जायला लागले, खाणींच्या दारापर्यंत. बाबांच्या एचएमटीच्या डायलवर ‘17 ज्वेल्स’ लिहिलंय ना, ते सतरा ज्वेल्स हेच. चाकांचे आस झिजू नयेत म्हणून बसवलेले भट्टीतले माणिक. 1960मधला जगातला पहिला लेझर, त्यातला दांडाही भट्टीतल्या माणकाचाच.

‘पण मग तुमचे सगळे आकडे...’ मी म्हटलं.

‘आकडे बरोबरच आहेत. ही काच नाही. हा माणिकच आहे. तेच रसायन, तोच स्फटिक, तेच 1.762, तेच 4. कठीणपणा 9. त्या आकड्यांवरून भट्टीतला आणि खाणीतला वेगळा सांगताच येत नाही. जन्म कुठे झाला ते फक्त आत दिसतं.’ मग थोडं थांबून, ‘इतका स्वच्छ होता, तेव्हाच मला वाटलं होतं.’

आईचा खडा त्यांनी मायक्रोस्कोपखाली ठेवला. त्याच्या आत एका ओळीत बारीक बारीक आठ बाजूंचे स्फटिक होते, मुंग्यांची रांग चालावी तसे. ‘नैसर्गिक,’ त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदा किंचित हसल्या. ‘छान आहे. या लाल रंगाच्या स्पिनेलला हल्ली मागणी आहे. पॉलिश करून घेतलात तर चांगली किंमत येईल.’

‘आणि हा?’

‘हा घरातच ठेवा.’

भट्टीतला माणिक खड्यांच्या बाजारात किती स्वस्त मिळतो, ते मी खाली उतरल्यावर विचारलं. तो आकडा इथे लिहिणार नाही. लोकलच्या महिन्याच्या पासात बसेल एवढं सांगते.

पणजोबांचा विचार आला. हिशेबनीस माणूस! बोरीबंदरच्या गर्दीत मी त्यांच्यावर चिडले, मग त्या रंगूनच्या विक्रेत्यावर चिडले, मग स्वतःवर. आणि सगळ्यात जास्त त्या तीन उद्गारचिन्हांवर.

सांगायचं कसं? फोनवर? मेसेज डिलीट करून? मैत्रीण म्हणाली, ‘अगं, आत्ता सांगूच नकोस. अजून दोन ठिकाणी दाखव.’ दाखवून काय होणार होतं? रेघा काही सरळ होणार नव्हत्या. एक क्षण तर असाही आला की आईचा खडा मावशीच्या अंगठीत बसवून टाकावा. लाल तो लाल, कुणाला कळणार? तो क्षण कुर्ल्यापर्यंत टिकला.

त्या संध्याकाळी मी ठाण्याला उतरलेच नाही. सरळ डोंबिवली. काकांनी पेढे आणून ठेवले होते. मावशीने माझा चेहरा बघितला आणि गॅस बंद केला. मी सगळं सांगितलं, अगदी रेघा आणि बुडबुड्यांसकट. आपल्याला एखादी गोष्ट सांगायची नसते तेव्हा आपण किती टेक्निकल होतो! ती ऐकत होती. मग म्हणाली, ‘म्हणजे खोटा?’

‘खोटा नाही गं. माणिकच आहे. फक्त... फॅक्टरीतला.’

‘तेच ते.’ ती उठली आणि पेढ्यांचा बॉक्स फ्रिजमध्ये ठेवून आली. भाऊ म्हणाला, ‘आई, मी बँकेत लोनचं विचारून आलोय आधीच. तुला बोललो नव्हतो.’ काका खिडकीतून बाहेर बघत होते.

मी निघताना तिने दारात विचारलं, ‘आणि तिचा?’

मी सांगितलं. खाणीतला. अस्सल. मावशीने मान हलवली. ‘बरं झालं,’ म्हणाली. तिला ते खरंच म्हणायचं होतं की नाही हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

आईला रात्री फोन केला. मला वाटलं होतं, ती जिंकल्यासारखी काहीतरी बोलेल. वीस वर्षं! तिने आधी विचारलं, ‘ताईला कळलं का?’ हो म्हटलं. ‘जेवली का ती?’ मला माहीत नव्हतं. मग बराच वेळ काहीच नाही. मी म्हटलं, आई, तुझा खडा किती छान आहे माहितेय का, आत मुंग्यांची रांग आहे. ती म्हणाली, ‘तो विकायचा नाही हं. ताईला लागले तर दुसरं बघू काहीतरी.’ आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती डोंबिवलीला गेली, मला न सांगता. दोघींचं काय बोलणं झालं ते दोघीही सांगत नाहीत. बँकेचं लोन झालंय आणि त्यात थोडे पैसे कोथरूडहून गेलेत, एवढं भावाकडून कळलं.

कारागिराकडून दोन्ही खडे मी परत बसवून आणले. आईने पॉलिशला नाही म्हटलं, कडा आहेत तशाच ठेवल्या. मावशीची अंगठी द्यायला गेले तेव्हा वाटलं, ती परत डबीत जाईल. तिने ती तिथेच बोटात घातली आणि ओट्यापाशी जाऊन कढई घासायला लागली. तारेच्या घासणीने.

‘अगं मावशी, अंगठी!’

‘असू दे,’ ती म्हणाली. ‘नऊ म्हणालीस ना?’